वाचक विचारतात : चार गायी, एक रिंगण आणि छपरातल्या खिडक्या

मागच्या अंकात अमेरिकेतल्या जुन्या कृषी महाविद्यालयांवर लेख होता. त्यात 'स्टॉक जजिंग पॅव्हिलियन' नावाच्या इमारतीचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. पत्रं मात्र नेमकी त्या ओळीवरच आली. काही प्रश्न पशुपालनाचे होते, काही बांधकामाचे. म्हणून उत्तरंही दोन्हीकडच्या जाणकारांकडून घेतली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ही इमारत म्हणजे नेमकं काय? मोठा गोठा, बाजाराची शेड की प्रदर्शनाचा मंडप?

उत्तर : ही वर्गखोली आहे. फळ्याच्या जागी रिंगण, आणि रिंगणात म्होरकीला धरलेली चार जनावरं. विद्यार्थी आधी लांबून बघतात, मग जवळ जाऊन हात लावतात, चौघांचा पहिला ते चौथा असा क्रम लावतात आणि तो तसाच का लावला हे तोंडी सांगतात. जनावर इथं मुक्कामाला नसतं. गोठ्यातून आणलं, तासाभराने परत नेलं. त्यामुळे आत गव्हाण नाही, वैरणीचा माळा नाही. मधे मोकळी जमीन, तिन्ही किंवा चारी बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची बाकं, वर खांबाविना पेललेलं छप्पर आणि एका टोकाला मोठं दार, इतकाच हा कारभार.

जुन्या इमारती बहुतेक विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतल्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाची मॅडिसनमधली १९०९ ची आहे. दक्षिण डकोटातल्या ब्रुकिंग्सच्या कृषी महाविद्यालयाची १९१८ ची.

प्रश्न : शेतकऱ्याच्या पोराला गाय-बैल पारखता येतातच. ते शिकवायला कॉलेज आणि वर इमारत कशाला?

उत्तर : शेतकऱ्याच्या पोराला आपल्या दावणीची जनावरं कळतात. अडचण येते ती परक्या जातीच्या परक्या जनावरांपुढे उभं राहिल्यावर. शिवाय कळणं आणि दुसऱ्याला पटेल असं सांगता येणं, यांत बरंच अंतर आहे.

आधी थोडा इतिहास. २ जुलै १८६२ रोजी लिंकन यांनी मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या दर सिनेटर आणि प्रतिनिधीमागे ३०,००० एकर सरकारी जमीन, आणि ती विकून येणाऱ्या पैशांतून शेती व यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज, असा तो बेत होता. कॉलेजं निघाली, पण शेती म्हणून शिकवायचं काय, हे बरीच वर्षं कोणाला उमगलं नव्हतं. रसायनशास्त्र होतं, वनस्पतीशास्त्र होतं. 'पशुपालन' नावाचा शिकवण्याजोगा विषय तयार व्हायचा होता. १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याला प्रयोग केंद्रासाठी वर्षाला १५,००० डॉलर मिळू लागले आणि कॉलेजांच्या गोठ्यांत चांगली जातिवंत जनावरं आली. शिकवण्याचं साहित्य हाताशी आलं ते तेव्हा.

पद्धत आली ती जॉन क्रेग यांच्याकडून. हे मूळचे कॅनडाचे. १८९० च्या सुमारास ते विस्कॉन्सिनला पशुपालनाचे प्राध्यापक झाले, पुढे आयोवाला गेले आणि १९०१ मध्ये जनावरांच्या परीक्षणावर त्यांचं पाठ्यपुस्तक निघालं. त्यांनी वर्गात स्कोअरकार्ड आणलं : जनावराचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला कमाल गुण ठरवायचे, बेरीज १००. मुळात ही कल्पना जनावरांच्या एकेका जातीची पैदास करणाऱ्यांच्या संघांची. जर्सी बेटावरच्या कृषी संस्थेने १८३४ मध्येच आपल्या गायींसाठी गुणांचा तक्ता केला होता. क्रेग यांनी तो तक्ता परीक्षकाच्या खिशातून काढून विद्यार्थ्याच्या हातात दिला.

आता इमारत का, ते. शेतकऱ्याला सवड हिवाळ्यातच. विस्कॉन्सिनने १८८५-८६ च्या हिवाळ्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला, इतर राज्यांनी मागोमाग काढले. जानेवारीत तिकडे बाहेर गुडघाभर बर्फ. शंभर मुलं उघड्यावर उभी करून गायीच्या कासेकडे बघायला सांगितलं, तर मुलं बघतात आपल्या बोटांकडे. गायही थंडीने पाठ कमानीसारखी वर काढून, पाय आखडून उभी राहते आणि तिची खरी ठेवण कळत नाही. दुसरा पर्याय गोठ्याचा. तिथं उजेड नाही, दोन खांबांमधून अर्धी गाय दिसते आणि मागच्या रांगेतल्या मुलाला पुढच्याची टोपी. छप्पर घातलेलं, ऊब असलेलं, उजेडाचं रिंगण ही चैन नव्हती. हिवाळी वर्ग चालवायचा तर दुसरी सोय नव्हती.

आणि यामागे पैसाही होता. शिकागोच्या बाजारात मांसाच्या बैलाचा खरेदीदार नुसत्या नजरेने ठरवायचा की सोलल्यावर यातून किती टक्के मांस-हाड हाती येईल. साधारण ६० टक्के धरा. १,२०० पौंडांच्या बैलात अंदाज एका टक्क्याने चुकला की १२ पौंडांचा फरक, आणि असे बैल आगगाडीच्या डब्याडब्यांनी विकले जायचे. नजर कच्ची असेल तर नुकसान विकणाऱ्याचं.

प्रश्न : अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गोल गोठे आहेत असं वाचलं. मग रिंगणाची इमारत गोल न बांधता लांबट का बांधायचे? सर्कस तर गोलच असते.

उत्तर : गोल गोठे आहेत, तीन आहेत, १९०७ ते १९१३ दरम्यान बांधलेले. त्यांचं गणित भिंतीचं होतं. ६० फूट व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्र सुमारे २,८२७ चौरस फूट, घेर १८८ फूट. तेवढ्याच क्षेत्राचा ३६ फूट रुंदीचा आयताकृती गोठा साडेअठ्ठ्याहत्तर फूट लांब होतो आणि त्याची भिंत भरते २२९ फूट. लाकूड वाचतं, आणि मधोमध सायलो, म्हणजे वैरण साठवायची उंच कोठी, ठेवला की वैरण सगळ्या गायींना सारख्याच अंतरावर.

रिंगणाचं गणित भिंतीचं नसतं, नजरेचं असतं. परीक्षक जनावर तीन जागांवरून बघतो : बाजूने, समोरून, मागून. बाजूने बघताना चारही जनावरं एकामागे एक उभी करतात. एका मोठ्या गायीला ८ फूट धरा, दोघींत ४-५ फुटांचं अंतर; रांग झाली ४५ ते ५० फुटांची. ती एका नजरेत मावायला बघणाऱ्याने निदान २० ते २५ फूट मागे सरकायला हवं, आणि दोन्ही अंगांनी बघायचं तर दोन्हीकडे तेवढी जागा. म्हणजे रुंदी पन्नास-साठ फुटांच्या खाली नेता येत नाही. गोल रिंगणात ही रांग वाकडी होते. मग एकीची कूस दिसते, दुसरीचा पुठ्ठा, आणि तुलना बिघडते.

लांबी ठरवली घोड्याने. हे आज लक्षात येत नाही, कारण आता त्या इमारतींमधे घोडा क्वचितच जातो. पण या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा अमेरिकेच्या शेतांवर घोडे आणि खेचरं मिळून अडीच कोटींच्या आसपास होती, आणि पर्शेरॉन, क्लाइड्सडेल, बेल्जियन ही ओढकामाची जनावरं पारखणं हा अभ्यासक्रमाचा मोठा भाग होता. घोडा उभा असताना त्याची निम्मीच परीक्षा होते. त्याला परीक्षकापासून सरळ रेषेत दुडक्या चालीने लांब न्यावं लागतं, वळवून परत आणावं लागतं. खूर आत पडतो की बाहेर, मागचा पाय कुठे लचकतो, हे चार-सहा पावलांत कळत नाही. चाल बसायला आधी काही अंतर जावं लागतं. म्हणून शंभर फुटांच्या पुढची सरळ धाव हवी. वळणावर घोडा आतल्या अंगाला कलतो, तेव्हा गोल रिंगणात तो अख्खा वेळ कललेलाच दिसणार.

काही ठिकाणी लांबट रिंगणाची टोकं गोलाई देऊन काढलेली दिसतात. ती शोभेसाठी नसतात. काटकोनी कोपऱ्यात जनावर अडतं.

गोल किंवा अष्टकोनी इमारती लिलावासाठी वापरतात. तिथं एका वेळी एकच जनावर असतं आणि ते फिरतं ठेवलं की काम भागतं.

प्रश्न : मी वास्तुकलेचा विद्यार्थी. जुन्या फोटोंत छपराच्या मधोमध खिडक्यांची वेगळी उंच रांग दिसते. ती हवेसाठी की उजेडासाठी? आणि खांब न देता एवढा गाळा कसा झाकला?

उत्तर : गाळा कैच्यांनी, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांनी झाकला, बहुतेक पोलादी, लहान इमारतींत लाकडी. पुलांसाठी आणि रेल्वेच्या शेडसाठी पोलादी कैच्या तोवर सर्रास होऊ लागल्या होत्या. इथं नवं काही शोधावं लागलं नाही. रिंगणात एकही खांब चालत नाही. खांबामागे गेलेली गाय अर्ध्या वर्गाला दिसेनाशी होते आणि बुजलेला वळू खांबाला घासतो, हे दोन्ही त्रास.

खिडक्यांची रांग मुख्यतः उजेडासाठी. फक्त बाजूच्या भिंतींना मोठ्या खिडक्या दिल्या तर काय होतं, ते बघा. विद्यार्थी एका बाजूला बसलाय, गाय मधे, समोरच्या भिंतीत लख्ख खिडकी. गाय काळी आकृती होऊन बसते. बरगड्यांचा बाक, कासेवरच्या शिरा, पुठ्ठ्याचा भराव, सगळं त्या काळोखात जातं. एंगससारखी काळी जात असेल तर विचारूच नका. उजेड वरून, दोन्ही अंगांनी आणि विखरून आला की पाठीची रेघही दिसते आणि कूसही. उन्हाची थेट तिरीप मात्र नको. कातडीवर उजेडाचा पट्टा पडला की तिथं मांस जास्त भरल्यासारखं वाटतं आणि पट्ट्याच्या कडेला खळगा दिसतो. म्हणून वरच्या काचा बहुधा उभ्या असतात, छपरात आडव्या बसवलेल्या नसतात. आडव्या काचेतून दुपारचं ऊन सरळ खाली उतरतं. शिवाय ती गळते, आणि त्यावर बर्फ साठलं की अंधार.

त्याच खिडक्या उघडल्या की कोंदट हवा वर निघून जाते, हा जोडफायदा. मात्र हिवाळ्यात त्या बंद ठेवल्या तर वेगळाच घोळ होतो. एक मोठी गाय श्वासातून आणि कातडीतून दिवसाला सुमारे १० लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडते. वीस-पंचवीस जनावरं आणि दोनशे माणसं आत असली की ती वाफ थंड काचेवर आणि पोलादावर पाणी होऊन जमते आणि टपटपायला लागते. गोठ्यांसाठी यावर विस्कॉन्सिनच्याच एफ. एच. किंग यांनी उपाय दिला होता : ताजी हवा भिंतीतून वर नेऊन छताजवळ आत सोडायची, आणि वापरलेली हवा जमिनीजवळून सुरू होणाऱ्या उंच धुराड्यांतून बाहेर काढायची. त्यामुळे ऊब वर टिकते, खालची जड, ओलसर, थंड हवा आधी जाते. उंच छपराच्या रिंगणात ही युक्ती गोठ्याइतकी चालत नाही, कारण छताजवळची ऊब बाकांपर्यंत उतरतच नाही. म्हणून अशा इमारतींत बाकांच्या पायऱ्यांखाली वाफेचे नळ देणं जास्त शहाणपणाचं.

दिवे आल्यावरही चुका झाल्याच. पिवळ्या सोडियम दिव्यांखाली तांबड्या आणि तांबड्या-पांढऱ्या मिश्र रंगाच्या जनावरांतला फरक पुसला जातो.

प्रश्न : जमीन सिमेंटची का नाही करत? धुवायला सोपी.

उत्तर : घोटीव सिमेंटवर ओल्या खुराचा घोडा दुडकत गेला तर पुढचं काम पशुवैद्याचं. खरबरीत केलं तर खूर झिजतात, आणि डुकरांना तर त्यावर चालायचा कंटाळाच. सिमेंट धुण्याच्या ओट्याला आणि येण्याजाण्याच्या वाटेला ठीक, रिंगणात नको.

त्या काळी रिंगणात घालत ते कातडी कमावून उरलेल्या सालीचा चोथा. ओक किंवा हेमलॉकची साल कुटून तिच्या पाण्यात कातडी मुरवायची. उरलेला चोथा तंतुमय, लवचिक, घसरत नाही आणि फार धूळ करत नाही. खाली दाबून बसवलेली चिकणमाती, वर ४ ते ६ इंच चोथा. पुढे क्रोमने कातडी कमावायची पद्धत पसरली, सालीचे कारखाने कमी झाले आणि चोथा मिळेनासा झाला. त्याची जागा लाकडाचा भुसा, रंध्याची सालपटं आणि वाळू यांनी घेतली. भुसा कोरडा पडला की डोळ्यांत जातो, म्हणून वर्गाआधी शिंपडावा लागतो. जास्त शिंपडला की शेणामुताबरोबर कुजून अमोनियाचा वास धरतो. वाळू निचऱ्याला चांगली, पण जड जनावर तीत रुतून चालतं आणि चाल खोटी दिसते.

थर जाड झाला की आणखी एक फसवणूक होते. खूर आणि त्यावरचा सांधा भुशात बुडतो. पायांचे दोष तर लपतातच, वर जनावर आखूड पायांचं, भरीव आणि जमिनीलगतचं दिसतं. म्हणून चांगला शिक्षक क्रम लावायच्या आधी चारही जनावरं एकदा सिमेंटच्या वाटेवरून चालवून बघतो.

आणि जमीन सपाट हवी, अगदी पाणसळ लावून. याचं कारण जवळून बघण्याजोगं आहे. समजा एका कालवडीची पाठ खुब्याकडून खांद्याकडे किंचित उतरती आहे. तिला धरणारा मुरलेला असेल तर तो तिला सहज चालवत आणतो, रिंगणात एखादा दोन-तीन इंचांचा उंचवटा हेरतो आणि नेमके पुढचे पाय त्यावर येतील अशी थांबवतो. मग डाव्या हाताने म्होरकी वर उचलून मान ताणतो, उजव्या हातातल्या काठीच्या टोकाने मागचा एक पाय अर्धं पाऊल मागे घ्यायला लावतो. पाठीची रेघ सुतासारखी सरळ. बघणारा नवखा असेल तर वहीत लिहितो, 'पाठ उत्तम'. परीक्षक काही बोलत नाही. जनावर चार पावलं पुढे घ्यायला सांगतो आणि पुन्हा बघतो. रिंगणाला निचऱ्यासाठी उतार दिला असेल तर हा खेळ प्रत्येक वर्गात, कोणी मुद्दाम न करताही होत राहतो : चढाकडे तोंड करून उभी असलेली गाय सरळ पाठीची, उताराकडे तोंड केलेली पडक्या खांद्याची. उतार हवाच असेल तर तो कडेच्या नालीपुरता द्यावा.

प्रश्न : क्रमाला ५० पैकी गुण देतात असं लेखात होतं. चार जनावरांचे चोवीस क्रम होऊ शकतात. प्रत्येकाचे गुण कसे ठरतात?

उत्तर : अधिकृत परीक्षक क्रम लावतो आणि लागोपाठच्या प्रत्येक जोडीत किती अंतर आहे ते आकड्यात सांगतो. त्या आकड्याला 'कट' म्हणतात. समजा अधिकृत क्रम २-४-१-३ आणि कट ३, ५, २. याचा अर्थ २ आणि ४ मधे फरक ३ गुणांचा, ४ आणि १ मधे ५ चा, १ आणि ३ मधे २ चा. विद्यार्थ्याने एखादी जोडी उलटी लावली की तेवढे गुण वजा. जोडी लागोपाठची नसेल तर मधले सगळे कट मिळवायचे.

विद्यार्थ्याने ४-२-३-१ लावलं. २ आणि ४ उलटले : ३ गेले. १ आणि ३ उलटले : २ गेले. बाकी जोड्या बरोबर. ५० मधून ५ वजा, ४५ गुण. वरच्या जोडीत आणि खालच्या जोडीत चुकला, पण चांगली दोन आणि वाईट दोन वेगळी ओळखली. म्हणून फार गेलं नाही.

दुसऱ्याने थेट उलटा क्रम लावला, ३-१-४-२. सहाही जोड्या उलट्या : ३, ५, २, मग ३ अधिक ५ म्हणजे ८, ५ अधिक २ म्हणजे ७, आणि पहिल्या-शेवटच्याचे १०. एकूण ३५. उरले १५.

परीक्षकालाही कट मनाला येतील तसे देता येत नाहीत. पूर्ण उलट्या क्रमाची वजाबाकी म्हणजे पहिल्या कटाची तिप्पट, मधल्याची चौपट आणि शेवटच्याची तिप्पट. ही बेरीज ५० च्या पुढे गेली तर गुण शून्याखाली जातात. त्यामुळे तीन कटांची बेरीज १५ असेल तर मधला कट ५ पेक्षा मोठा चालत नाही. हाताने हे करताना चुका होतात, म्हणून हॉर्मेल या मांस कंपनीच्या नावाची पुठ्ठ्याची सरकपट्टी कित्येक वर्षं वापरात होती. तिच्यावर चोवीसही क्रम छापलेले असत.

स्कोअरकार्ड सोडून ही पद्धत का आली, असंही एका पत्रात विचारलं आहे. स्कोअरकार्डावर भागांची बेरीज होते. डोकं छान, मान छान, कातडी मऊ, सगळीकडे थोडेथोडे गुण मिळाले की मागच्या पायाने लंगडणारी गायही ८५ पर्यंत पोहोचते. शरीराचे भाग ओळखायला शिकवण्यापुरतं कार्ड चांगलं. पहिल्या सत्रानंतर ते हातातून काढून घ्यावं, असं आमचं मत.

प्रश्न : तोंडी कारणं सांगायची म्हणजे काय काय सांगायचं?

उत्तर : दोन मिनिटं, हातात कागद नाही. वर्णन करायचं नाही, तुलना करायची. 'दोन नंबरची पाठ सरळ आहे' याला किंमत नाही. 'दोन नंबरची पाठ चारपेक्षा सरळ आहे आणि चालताना तिचा मागचा पाय जास्त मोकळा पडतो' याला आहे. आधी वरची जोडी, मग मधली, मग खालची. आणि दर जोडीत हरलेल्याचं एक तरी चांगलं कबूल करायचं : 'चारची कास पुढून अधिक घट्ट जोडलेली आहे हे मान्य, तरी...' नवखी मुलं इथंच फसतात. पाठ केलेली वाक्यं म्हणतात आणि समोर नसलेल्या गायीचे गुण सांगून मोकळी होतात.

प्रश्न : शिकागोच्या प्रदर्शनाचा या कॉलेजांशी काय संबंध?

उत्तर : १९०० मध्ये शिकागोच्या युनियन स्टॉकयार्डात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या मोठ्या बाजारात, 'इंटरनॅशनल लाइव्ह स्टॉक एक्स्पोझिशन' सुरू झालं आणि त्याबरोबर कॉलेजांच्या संघांची परीक्षण स्पर्धाही. पुढे ती पशुपालन विभागांच्या प्रतिष्ठेची गोष्ट होऊन बसली, फुटबॉलसारखी. स्पर्धा वर्षाअखेरीला, म्हणजे सराव थंडीत; बंदिस्त रिंगणाचं महत्त्व इथंही. कॉलेजांनी घरच्या घरी 'लिटल इंटरनॅशनल' नावाची त्याची छोटी आवृत्ती भरवायला सुरुवात केली. ब्रुकिंग्सचं १९२१ पासूनचं आहे. तिथं विद्यार्थ्याला कॉलेजचंच जनावर चिठ्ठी टाकून मिळतं; काही आठवडे त्याला माणसाळवायचं, कातरायचं, चालायला शिकवायचं आणि रिंगणात आणायचं.

१९ मे १९३४ रोजी स्टॉकयार्डात मोठी आग लागली आणि प्रदर्शनाची जुनी जागा जळाली. वाळलेलं गवत, लाकडी कुंपणं आणि लाकडी छपरं असल्यावर वेगळं काय होणार. त्याच वर्षी तिथं इंटरनॅशनल अँफिथिएटर उभं राहिलं. प्रदर्शन १९७५ ला थांबलं. राष्ट्रीय पातळीवरची कॉलेज स्पर्धा आता केंटकी राज्यातल्या लुइव्हिलला होते.

प्रश्न : पण डोळ्यांनी बघून दूध किती देईल ते कळतं का? खरं सांगा.

उत्तर : कास नीट जोडलेली आहे का, पाय टिकतील का, हे बऱ्यापैकी कळतं. दुधातली चरबी कळत नाही. गंमत म्हणजे हे सिद्ध करणारं साधन परीक्षणाचा वर्ग जिथं वाढला त्याच विस्कॉन्सिनमधे निघालं. १८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी चाचणी जाहीर केली : १७.६ मिलिलिटरच्या पिपेटने दूध बाटलीत घ्यायचं, त्यात १७.५ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल मिसळायचं, बाटली फिरत्या यंत्रात घालायची, गरम पाणी ओतून चरबी अरुंद मानेत चढवायची आणि मानेवरच्या खुणांवर टक्के थेट वाचायचे. आम्ल कमजोर असेल तर मानेत पांढरे कण अडकतात, फार तीव्र असेल तर चरबी जळून काळी पडते. चाचणी गोठ्यात करता येण्याजोगी होती आणि त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. त्यानंतर देखणी पण पातळ दुधाची गाय रिंगणात जिंकली, तरी गोठ्यात उघडी पडू लागली.

मांसाच्या जनावरांत डोळ्याने जास्त घात केला. १९३० नंतर रिंगणात आखूड पायांची, गुटगुटीत, चौकोनी जनावरं जिंकायला लागली. हेरफोर्ड आणि एंगसमधे खुजेपणाचा एक अप्रभावी जनुक होता. त्याची एकच प्रत असलेलं जनावर खुजं नसे, उलट किंचित जास्त ठेंगणं आणि भरीव दिसे. म्हणजे परीक्षकाला हवं तसंच. अशी दोन जनावरं जुळवली की चारांतलं एक वासरू खुजं, धापा टाकणारं, निकामी. १९५० च्या सुमारास हे उघड झालं तेव्हा पैदाशीचे कितीतरी नामांकित वळू बाद करावे लागले. नंतर लंबक उलटा गेला आणि उंटासारखी उंच जनावरं जिंकू लागली. डुकरांतही तीच कथा : फार पिळदार मांसाची निवड केली आणि ताण आला की कोसळून मरणारी, मेल्यावर फिकं पाणचट मांस देणारी डुकरं वाढली.

आज स्पर्धेत विद्यार्थ्याला जनावराबरोबर वंशावळीवरून काढलेले पैदाशीचे आकडेही देतात आणि दोन्ही मिळून क्रम लावायला सांगतात. आम्हाला हे योग्य वाटतं. आकड्यांना लंगडणं दिसत नाही आणि डोळ्याला जनुक दिसत नाही.

प्रश्न : जुन्या इमारतींचं पुढे काय झालं? अशा इमारतीचं रूपांतर करताना कशाची काळजी घ्यावी?

उत्तर : रिंगणाभोवती बसायची जागा, मधे खांब नाही, वर उजेड, सभागृहाला आणखी काय लागतं? मॅडिसनच्या पॅव्हिलियनमधे मोठ्या सभा आणि संगीताचे कार्यक्रम झाले, मागून जाणाऱ्या आगगाडीची साथ धरून. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या पॅव्हिलियनचं नाट्यगृह झालं. ब्रुकिंग्सच्या इमारतीत १९७७ पासून राज्याचं कृषी वारसा संग्रहालय आहे. मॅडिसनची इमारत १९८५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली.

रूपांतरात पहिला धोका क्षारांचा. वर्षानुवर्षं मूत्र मुरलेल्या विटांत नायट्रेट आणि क्लोराइड साठतात. हवा दमट झाली की ते विरघळतात, कोरडी झाली की पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन विटेचा पापुद्रा उडवतात. इमारत रिकामी असताना भिंत ठीक दिसते. आत हीटर लावला, ओलावा कमी-जास्त व्हायला लागला की दोन वर्षांत पावडर गळायला लागते. अशा वेळी ठेकेदार सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग सुचवतो. दोन्ही नको. क्षार आत कोंडतात आणि गिलाव्यासकट वीट सुटते. जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत चुन्याचा मऊ गिलावा द्यावा, तो क्षार ओढून घेऊन स्वतः खराब होतो, आणि काही वर्षांनी खरवडून नवा लावावा. विटांवर ओल्या मातीचे लेप देऊन क्षार उतरवताही येतात, पण एकदा करून भागत नाही. रिंगणातली जुनी माती निदान फूटभर काढून टाकावी. तिच्यावर फरशी ओतली तर ओलावा वर यायला जागा शोधतो आणि बाजूच्या भिंतीत चढतो.

कैच्यांचं दुसरं. कैचीची टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं दमट हवेने गंज धरलेला असतो आणि तो खालून दिसत नाही. नाटकाचे दिवे आणि पडदे टांगायच्या आधी तिथल्या विटा काढून टोक बघावंच.

प्रश्न : एखादी जुनी कॉलेज इमारत मुळात पॅव्हिलियन होती हे बाहेरून ओळखता येतं का?

उत्तर : बऱ्याचदा येतं. टोकाच्या भिंतीत, आता खिडकी किंवा वीटकाम करून बुजवलेली, दोन जनावरं शेजारीशेजारी जातील एवढी रुंद कमान शोधा. तिच्यासमोर पायरी नसते, उतार असतो. बाजूच्या खिडक्यांची तळकड माणसाच्या डोक्याच्या वर असते, म्हणजे बाहेरच्या हालचालीने घोडा बुजत नाही. छपराच्या मधोमध उंच भाग असतो, मग त्याच्या काचांवर पत्रा ठोकलेला का असेना. आत गेलात तर मधली जमीन दारापाशी बाहेरच्या जमिनीच्या पातळीत आणि बसायची जागा मात्र चढून जाऊन. आणि भिंतीच्या खालच्या भागात, रंगाच्या पाच-सहा थरांखाली, म्होरकी बांधायची एखादी लोखंडी कडी अजून हाताला लागते.